किल्ली हुकाला लावणारा मालक

ती. भावोजी,

साष्टांग नमस्कार घालायला ट्रकच्या केबिनमध्ये जागा पुरत नाही, तेव्हा स्टिअरिंगवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर कागद ठेवून बसल्या बसल्या केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. तुमचा गुडघा आता कसा आहे? ताई फोनवर सांगत होती की निवृत्त झाल्यापासून तुम्ही जेवायला बसलात तरी उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा ठेवता आणि तिने जास्त भात वाढायला घेतला की तो दाबता. गुडघा त्यानेच दुखत असणार. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. ही ठणठणीत आहे (ही ठणठणीत असली की मी जरा जपूनच असतो). पत्र लिहायला बसलो ते अशासाठी, की कंपनीची नोकरी सोडून मी ट्रक भाडेपट्ट्यावर घेतला, तेव्हा तुम्ही भर पंगतीत म्हणाला होतात, "वर्षाच्या आत हा परत फाटकाशी उभा दिसेल." वर्ष भरत आलं. मी फाटकाशीच उभा आहे, पण ते आपल्या कंपनीचं नाही आणि मी मालक म्हणून उभा आहे, एवढी नोंद घ्यावी.

फाटक एका गोदामाचं आहे. माल उतरवून घ्यायला सकाळपासून रांग लागली आहे. माझ्या पुढच्या गाडीत कुठल्याशा कंपनीचा ड्रायव्हर तोंडावर टॉवेल घेऊन झोपला आहे, कारण थांबण्याचा भत्ता त्याला झोपेतसुद्धा मिळतो. मी टक्क जागा आहे. मला भत्ता द्यायचा तर तो मीच द्यायला हवा आणि मी माझ्याकडे मागायला गेलो तर मी मला काय उत्तर देईन हे मला पाठ आहे. मध्यंतरी ताप आला तेव्हा हा अनुभव घेऊन झाला. ड्रायव्हर म्हणून मी दोन दिवसांची रजा मागितली, मालक म्हणून मला लगेच ड्रायव्हरचा संशय आला. एवढासा ताप, त्यात काय झोपायचं, असं मालकाचं म्हणणं पडलं. इतकी वर्षं राबतोय त्याची काही किंमत आहे की नाही, असं ड्रायव्हर म्हणाला. भांडण हातघाईवर आलं तेव्हा हिने दोघांनाही एकच गोळी दिली आणि दिवा मालवला.

पण भावोजी, मालकीची ऐट काही वेगळीच असते. गाडी जुनी आहे, कंपनीनेच वापरून भाडेपट्ट्याला काढलेली, अंगावर अजून कंपनीचाच निळा रंग. महिन्याचा हप्ता आपला, डिझेल आपलं, टायर आपले, दुरुस्ती आपली, शिव्या खायच्या त्याही आपल्याच. तरी सकाळी गाडीभोवती फेरी मारून चाकांवर एकेक लाथ हाणताना जो तोरा अंगात येतो तो नोकरीत कधी आला नव्हता. कंपनीच्या चाकाला लाथ मारायची ती ड्यूटी म्हणून, स्वतःच्या चाकाला मारायची ती कौतुकाने. (चाक स्वतःचं नाही, भाड्याचं आहे, असं ही म्हणते. हिला कौतुकातलं कळत नाही.) हव्या त्या कंपनीचा माल भरावा, नको त्याला नको म्हणावं. वर्षभरात मी दोघांना नको म्हटलं. त्यातल्या एकाने मला विचारलंच नव्हतं, पण संधी होती म्हणून म्हणून घेतलं.

आता तुमच्या कानावर जे गेलंच असेल ते मीच सांगतो, म्हणजे मीठमसाला लावलेलं ऐकावं लागणार नाही. माझं ट्रकचं शिक्षण तुमच्या हाताखालचं. पहिल्याच दिवशी तुम्ही बजावलं होतंत की यार्डात गाडी लावायची, ब्रेक ओढायचा, दिवे बघायचे, किल्ली बोर्डावर आपल्या हुकाला अडकवायची आणि मागे वळून न बघता घरी जायचं, कारण किल्ली हुकावर गेली की गाडी आपली नाही आणि तिची काळजीही आपली नाही. वीस वर्षं मी हे इतकं इमानाने केलं की ते डोक्यातून उतरून हातात गेलं. तीन महिन्यांपूर्वी लांबच्या फेरीवरून परतलो. माल आपल्याच कंपनीचा होता, तो उतरवला. मग हातांनी गाडी माझ्या जुन्या जागेवर लावली, ब्रेक ओढला, दिवे बघितले, किल्ली माझ्या जुन्या हुकाला अडकवली आणि पायांनी मला बसस्टॉपवर नेलं. मी मागे वळून पाहिलं नाही. घरी जेवलो आणि गाडी घेतल्यापासून झोपलो नव्हतो असा झोपलो.

सकाळी हिने खिडकीतून खाली बघून गाडी कुठे आहे म्हणून विचारलं. यार्डात आहे, मी कुशीवर वळत म्हटलं. कुणाच्या यार्डात, असं तिने विचारलं. शर्टाची बटणं जिन्यात लावत मी यार्ड गाठलं, तर जागा रिकामी. आपले शिट्टीसाहेब (तुमच्या वेळचेच, गळ्यातली शिट्टी अजूनही वाजवत नाहीत, नुसती हातात धरून बघतात) शांतपणे म्हणाले की पहाटेच्या ड्रायव्हरने हुकावरची किल्ली घेतली, बाहेरच्या निळ्या गाडीला ती लागली, त्याने फरशा भरल्या आणि तो बंदराकडे गेला. मी म्हटलं, ती माझी गाडी आहे. साहेब म्हणाले, हुकावरची किल्ली कंपनीची, हा नियम तुमच्याइतका इमानाने कुणी पाळला नाही. पोलिसात जावं तर तक्रार कुणाविरुद्ध लिहायची हा प्रश्न, कारण गाडी चोराच्या हवाली करणारा इसम मीच. शेवटी त्या ड्रायव्हरला फोन लावला. मोठ्या मिशांचा, मनाने सरळ माणूस आहे. मी कोण हे सांगायच्या आधीच तो म्हणाला, "गाडी चांगली आहे हो, पण जो कोण चालवत होता त्याने क्लचची पार वाट लावलीय." मी बघतो म्हणालो आणि फोन ठेवला.

दोन दिवस मी यार्डातल्या बाकावर बसून काढले. माझी गाडी कामावर आणि मी बेकार, असा तो प्रकार होता. तिसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. धुतलेली, पुसलेली, टाकी काठोकाठ, वायपर नवे. जो मागचा टायर बदलायचा म्हणून मी महिना महिना पुढे ढकलत होतो तो बदललेला, आणि क्लचसुद्धा दुरुस्त. वर्कशॉपवाल्यांना वाटलं कंपनीची आहे, त्यांनी कुणाला न विचारता सगळं केलं. खरं सांगतो भावोजी, माझ्या हाताखाली इतके महिने कण्हणारी गाडी दोन दिवसांच्या नोकरीत बाळसं धरून आली. फरशांची फेरी आणि दुरुस्तीचा खर्च यांची शिट्टीसाहेबांनी फिटंफाट करून टाकली आणि वर चहा पाजला. त्याच संध्याकाळी मी पेंटर गाठला आणि दारावर ठसठशीत अक्षरात "मालक व चालक" असं लिहायला सांगितलं. त्याने "मालक" एवढं मोठं काढलं की दार तिथेच संपलं. "व चालक" डिझेलच्या टाकीच्या वर बारीक अक्षरात आहे. बरेच जण विचारतात की तो वेगळा माणूस आहे का.

चहा पिता पिता साहेबांनी जे सांगितलं ते महत्त्वाचं. भाडेपट्ट्याचं वर्ष या शनिवारी संपतं. सही करून आणखी एक वर्ष घ्यायचं, नाहीतर गाडी परत करून कंपनीत रुजू व्हायचं. माझी जुनी जागा त्यांनी भरलेली नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं, पण ते अगदी आपुलकीने म्हणाले, त्यामुळे माझी पंचाईत झाली. तेव्हापासून डोक्याचा भुगा झाला आहे. नोकरीत पगार ठरलेला, आजारपण कंपनीचं, म्हातारपणाची थोडीफार सोय, मुलीच्या शाळेचा कार्यक्रम असेल तर रजा. इकडे बरा महिना असेल तर राजा, आणि बेताचा महिना असेल तर राजाला हप्ता चुकत नाही. ही सरळ बोलणारी बाई. ती म्हणाली, "नोकरीत टायर फुटला तरी तुम्ही झोपायचात, आता फुटायच्या आधीच जागे असता. मला झोपणारा माणूस पाहिजे." पण परत गेलो तर पहिल्या दिवशी बोर्डापाशी सगळे ड्रायव्हर उभे असणार, आणि दारावरचं एवढं मोठं "मालक" त्यांच्यासमोर पुसून घ्यायचं, हे नुसतं मनात आलं तरी कान गरम होतात. मी हेकट आहे हे मला मान्य आहे, पण हे वर्ष मी स्वतःच्या अंगावर ओढलं आणि कुणापुढे हात न पसरता निभावलं, याचा मला अभिमान आहे आणि तो मी तुमच्याजवळ नाही सांगणार तर कुणाजवळ?

तेव्हा वडीलकीच्या नात्याने तुमचा सल्ला हवा आहे. तुम्ही जन्मभर एकाच कंपनीत इमानाने गाडी हाकलीत, तुमचं म्हणणं मी खाली पडू देणार नाही. रांग हलली वाटतं. (नाही, पुढचा कूस बदलून पुन्हा झोपला.) ताईला नमस्कार, लेकींना आशीर्वाद, गुडघ्याला शेक.

तुमचा धाकटा मेव्हणा,
मालक
(व चालक)

ता. क. : पत्र खिशातच राहिलं. आज शनिवार. सल्ल्याची तसदी घेऊ नये, सही करून टाकली आहे. शिट्टीसाहेबांनी पहिल्यांदाच शिट्टी वाजवली, कौतुकाने की चिडून ते कळलं नाही. हिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की ठीक आहे, पण टायर बदलायचा निर्णय यापुढे तिचा.

ता. क. दुसरा : वर नोकरी आणि मालकी यांचा जो एवढा खल केला त्यात खरं कारण लिहिलं नाही. हिशेबाने बघितलं तर तुम्हीच बरोबर होतात, नोकरीच बरी. पण गेल्या महिन्यात ताई चार दिवस मावसबहिणीकडे जाऊन आली ना, ती मावसबहिणीकडे गेली नव्हती. ती माझ्या गाडीत होती. कंपनीच्या गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही हा नियम तुम्ही एकदाही मोडला नाहीत, म्हणून लग्नानंतर इतक्या वर्षांत ताईने तुमची केबिन आतून पाहिली नाही. माझ्या शेजारच्या सीटवर कुणी बसायचं हे मी ठरवतो. तुमच्याच जुन्या रस्त्याने तिला नेलं. पहिले काही तास माझ्या चालवण्यातल्या चुका काढत होती (तुमच्याच शब्दांत). मग घाट चढून वर आलो, खाली सगळी दरी पसरलेली होती, ऊन होतं, आणि तिने चुका काढणं मधेच सोडून काच खाली केली. मला वाटलं गाडी लागली. मग म्हणाली, "हे सगळं ते एकटेच बघत होते होय रे?" भावोजी, तिला तिथे मी आणलं होतं, आणि नोकरीत असतो तर आणू शकलो नसतो.

ता. क. शेवटचा : आता खरं काम. येत्या रविवारी सकाळी मी तुमच्या गावाबाहेरच्या पेट्रोलपंपावर थांबतो आहे. ताई तयार असेल, तिने डबासुद्धा ठरवला आहे. तुम्हीही यायचं आहे. खिडकीची सीट तिची, ती सोडणार नाही, तुम्ही सीटमागच्या फळीवर. गुडघा लांब करता येईल. मेव्हण्याच्या गाडीत बसणार नाही वगैरे ऐकून घेणार नाही. कारण असं, की परतताना तिने मला एक जागा विचारली आणि मला ती दाखवता आली नाही. थोरली जन्मली तेव्हा तुम्ही याच रस्त्यावर कुठेतरी होतात, कुठल्याशा धाब्यावरून फोन केला होतात आणि तिकडून काही बोललाच नाहीत, नुसते रडत होतात म्हणे. तिला ती जागा बघायची आहे. ती तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही.