पाचवी स्लाइड

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. घरी सगळे मजेत ना? भावोजींचा गुडघा काय म्हणतो? हिचा खोकला एकदाचा गेला.

आमची रक्ततपासणीवाल्यांची परिषद काल पार पडली. तीनशे माणसं, मला बारा मिनिटं, आणि मी जमवलेल्या चव्वेचाळीस स्लाइड. तू फोनवर म्हणालीस, "अरे, लोकांना सांगायचंय की दमवायचंय?" राग आला, पण दुसऱ्या दिवशी मुकाट्याने कात्री लावली. तक्ते गेले, बाण गेले, दवाखान्याच्या इमारतीचा फोटोही गेला. सहा उरल्या. हिला समोर बसवून घड्याळ लावून सराव केला. चौथ्यांदा ही म्हणाली, "आता मीच जाऊन बोलते."

बरं, त्याच फोनवर रेंज गेली म्हणालो, ते खोटं. आता पाचवी झालेली ती स्लाइड मी तुला तेव्हा वाचून दाखवली होती. एका कर्मचाऱ्याने रक्त काढण्याआधीच रिकाम्या नळ्यांवर नावं चिकटवून ठेवली, म्हणून शेजारशेजारच्या खाटांवरच्या दोन बायकांच्या रक्ताची अदलाबदल झाली. तू सहज विचारलंस, "कोण रे तो कर्मचारी?" मी रेंजचं निमित्त करून फोन ठेवला.

ताई, तो मीच. सकाळच्या घाईत वेळ वाचावा म्हणून नेहमीच तसं करायचो. जुन्या नोंदीशी रक्तगट जुळेना म्हणून वेळेत कळलं, नाहीतर एका बाईला चुकीचं रक्त चढलं असतं. मोठ्या डॉक्टरांना माहीत होतं. माझी नोकरी सांभाळायला त्यांनीच 'एक कर्मचारी' लिहायला लावलं.

काल ते पहिल्या रांगेत बसलेले. पाचवी स्लाइड आली, आणि मी म्हणून टाकलं, "तो कर्मचारी मी." मग मागून एक पिकल्या केसांची परिचारिका उठली. "मी अजून तसंच चिकटवते. थांबवायचं कसं, ते नीट सांगा." त्यानंतर प्रश्न आवरेनात, चहा निवला तरी लोक सोडेनात. डॉक्टर बाहेर भेटले. "मला न विचारता शहाणपणा केलास," म्हणाले, आणि मग, "सोमवारपासून नव्या लोकांना तूच शिकव."

इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! दोन वर्षं कुणी 'काम कसं चाललंय' विचारलं की मी अंगावर जायचो. तुझ्या तर जास्तच.

ती बाई ठणठणीत आहे. एवढी चांगली बातमीसुद्धा तुला देता आली नाही, कारण आधीचं सगळं सांगावं लागलं असतं.

रविवारी येतो. ओरडायचं असेल ते समोर बसवून ओरड.

तुझ्याकडे मान वर करून बघू शकणारा,
धाकटा