हार्डनर आग्रहाने वाढल्याबद्दल

कोल्हापूर, बुधवार

ती. धैर्यशील दाजींना नृसिंहचा नमस्कार. ताईचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमचा रक्तदाब मात्र शनिवारपासून चढलेला असणार. क्रांतीच्या उचगावच्या शेडमध्ये आग लागली म्हणून शेड बंद करून पोरीला मुरगूडला परत न्यायचं तुम्ही ठरवलंत, असं कळलं. दाजी, मी तिथं होतो. (मी होतो म्हणूनच लागली, पण ते ओघाने येईल.)

तालमीच्या कमानीसाठी ती फायबरचा बैल घडवते आहे. तिची पहिली मोठी ऑर्डर. त्याला काकवीसारखं दाट रेझिन लागतं आणि ते घट्ट करायला पाण्यासारखं दिसणारं हार्डनर, पाच किलोला जेमतेम अर्धी वाटी. त्याचा कण फुटतो, बेचैन होतो आणि शेजाऱ्याचा हात धरत अख्खी बादली एका साखळीत उभी करतो. चाळीस वर्षं कामगारांच्या सभांमधून मी दुसरं काय सांगत आलो? मला गहिवरून आलं. मामाचा मान म्हणून पोरीने मोजलेलं हार्डनर माझ्या हातात दिलं आणि ती साचा बघायला वळली. मी ते ओतलं. पण आपल्याकडे पानात एकदाच वाढून कुणी थांबतं का? मी कॅनमधून आणखी दोनदा आग्रहाने वाढलं आणि कामगारांपुढे संघटनेवर बोलायला उभा राहिलो. (टाळ्या पडल्या नाहीत, सगळे बादलीकडे बघत होते.) बादलीतून धूर निघायला लागला. घाबरून हातातलं उरलेलं हार्डनर मी शेजारच्या जांभळ्या द्रवाच्या डब्यात रिकामं करायला निघालो. तो कोबाल्ट. तोही रेझिनमध्येच जातो, पण आधी आणि वेगळा. हार्डनरशी त्याची थेट गाठ कधीच घालायची नसते.

“मामा, हात मागं घ्या. ही दोन एकत्र आली तर शेड न्हाय ऱ्हायची, आन् तुमी बी न्हाय.”

आयुष्यात प्रथमच मी वाक्य अर्धवट सोडलं. तिने सगळ्यांना बाहेर काढलं, हातमोजे घालून बादली मोकळ्यावर ओढली आणि तिथं बादलीने पेट घेतला तेव्हा तो विझवलाही. माझे डोळे शाबूत आहेत ते तिने सक्तीने चढवलेल्या चष्म्यामुळे. (थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाते. मी मात्र पाणबुड्यासारखा दिसतो म्हणून कुरकुरलो होतो.) जळालं काय, तर एक बादली आणि माझ्या सदऱ्याची बाही. दाजी, धोका नेमका कुठं आहे हे त्या शेडमध्ये तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. शेड बंद करू नका.

आपला,
नृसिंह

ता. क. तिचं सामान न्यायला रविवारी टेम्पो ठरवलाय म्हणे. तो रद्द करू नका, बैल तालमीत पोचवायचा आहे.

आणखी ता. क. “क्रांतीचं माप चुकलं” हे तुमच्या पुतण्याने, सम्राटने, तुम्हाला सांगितलं. त्याला ते मी सांगितलं होतं. खरं बोलायचा धीर झाला नाही. कमानीच्या उद्घाटनाला पोरीने मला एकच वाक्य बोलायची मुभा दिली आहे: चूक माझी होती. समोर तुम्ही बसलात तर मला तेवढ्यावर थांबता येईल.