राशीतलं शेवटचं माप

शनिवार, ९ फेब्रुवारी १९९१
आजपासून जनगणना सुरू झाली. पर्यवेक्षक बन्सीलाल भाऊसाहेब यांनी सकाळी शिंदखेड्याहून येऊन तसं सांगितलं आणि छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या हाती दिला. माणशी एक चिठ्ठी. नरडाण्याजवळच्या या गावात बदली होऊन मला आठवडाच झाला, पण जळगाव आठवतसुद्धा नाही, इतकी माणसं गोड. ज्यांच्या ओसरीवरच्या खोलीत राहतो ते शालिग्राम नाना दोन्ही वेळा कळण्याची भाकरी आणि ठेचा पाठवतात. नवा मास्तर आला की आम्ही आधी त्याचं वजन वाढवतो, म्हणाले. वर्गात मुलांना समजावलं: माणसं किती ते कळलं, तरच शाळा, विहीर, रेशन कुठे किती लागेल ते सरकारला कळतं. ज्याची चिठ्ठी नाही, तो सरकारच्या लेखी नाही.

बुधवार, १३ फेब्रुवारी
भिकनच्या घरी तो, बायको यशोदाबाई आणि चार मुलं. सहा जण. अंगणात एक म्हातारी गोवऱ्या थापत होती. ही कोण, विचारलं. भिकन हसला. उनमा फिरीसन डोया बिघडनात का मास्तर, आठे कोनी नही, म्हणाला. म्हणे इथे कुणीच नाही. म्हातारी उठून माझ्या पायाशी आली. ती भागाबाई, भिकनची आई. मी शे ना मास्तर, माले लिखी ल्या, म्हणत राहिली. यशोदाबाईने खरकटं पाणी तिच्या अंगावर फेकलं, मोकळ्या जागेत फेकावं तसं.

गुरुवार, १४ फेब्रुवारी
नानांनी काही लपवलं नाही. खळ्यावर धान्य मोजताना शेवटचं माप मोजत नाहीत, राशीतच ठेवतात, नाहीतर बरकत जाते. गावाचंही तसंच. मागच्या गणनेत भागाबाईला ठेवलं, दहा वर्षं विहीर आटली नाही. कुणाला तरी राहावंच लागतं, असं सुपारी कातरत म्हणाले.

रविवार, २४ फेब्रुवारी
घरं संपली. एक चिठ्ठी उरली होती, माझ्यासाठी ठेवलेली. तिच्यावर भागाबाईचं नाव लिहिलं. वय अडुसष्ट. ती रडली. मला दुसरी चिठ्ठी शिंदखेड्याहून आणता येईल. नानांना सांगितलं. रागावले नाहीत. मास्तर, तुमले कोनी लिखं का, एवढंच विचारलं. जळगावला बायकोने लिहवलं असेल, म्हटलं. ते भाकरीचं ताट घेऊन आत गेले.

मंगळवार, २६ फेब्रुवारी
बायकोचं, पुष्पाचं पत्र. ते नोकरीच्या गावी आहेत, तिथेच लिहिले जातील, असं तिने तिकडच्या मास्तरांना सांगून टाकलं.
दोन दिवस ताट नाही. वर्गात कुणी उभं राहिलं नाही. पाढे लिहिले, तर मुलं कोऱ्या फळ्याकडे बघावं तशी बघत होती. दुकानात बिस्किटांचा पुडा मागितला. दुकानदार माझ्या अंगावरूनच रस्त्यावरच्या माणसाशी बोलत राहिला.

शुक्रवार, १ मार्च
आज सूर्योदयाला आकडा पक्का झाला. शिंदखेड्याला गेलो. कंडक्टरने तिकीट फाडलं नाही. बन्सीलाल भाऊसाहेबांच्या टेबलाशी तासभर उभा राहिलो, ओरडलो. त्यांनी चहा संपवला. शेवटी कोरी चिठ्ठी मीच उचलली. नाव लिहिलं. शाई उठत नाही. तीन पेनं बदलली. फक्त या वहीत उठते. फक्त इथेच —

रविवार, ३ मार्च
भिकनकडे गेलो. भागाबाई ताटावर बसलेली. सून तिला वाढत होती, आणखी घ्या म्हणत होती. म्हातारीने मान वर केली. सरळ माझ्या डोळ्यांत. तिला मी दिसतो! अक्का, सांगा यांना, मी आहे, म्हटलं. पाया पडलो. माय, काय देखी ऱ्हायनी, भिकनने विचारलं.
आठे कोनी नही, म्हणाली. उरलेला तुकडा कुत्र्याला टाकला.

मंगळवार, ५ मार्च
गठ्ठा गेला. पुढची गणना दोन हजार एक साली.
धुळीत पाऊल उमटत नाही. नानांना दगड मारला, त्यांनी माशी उडवावी तसा खांदा झटकला —

शनिवार, ९ मार्च
मास्तर न सांगता पळून गेला, असं नाना ओट्यावर सांगत होते. सोमवारी नवा मास्तर येणार. याच खोलीत. ही वही त्याच्या पुढ्यात उघडी ठेवेन. तो वाचेल. माझं नाव मोठ्याने —
दारात भागाबाई. वही मागते आहे. तो वाचेल, तुमले लिखी, मंग मी परत गोवऱ्यास्मा जासू का, म्हणते. हातात काडेपेटी —
देणार नाही. ओढते आहे. कोपरा पेटला. लिहितो, तेवढं तरी — मी अभिमन रुपचं