विष्णु-समोरचे

मंगला गौरी, काशी

चि. निनाद यास काकाचे अनेक आशीर्वाद.

पुण्यात तुझी प्रकृती बरी असेलच. माझीही, गुडघे सोडून, ठीक. (गुडघ्यांचे पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांशी पटत नाही.) तू इथल्या मराठी घरांची वेबसाइट करून दिलीस आणि बजावलेस, की प्रत्येक घराच्या पानाचा पत्ता वेगळा हवा आणि एकदा दिलेला बदलायचा नाही. त्यातले पहिले मी पाळले आणि भांडण ओढवून घेतले. आपल्याकडे विष्णु दोन. एक घाटावरचे, एक समोरच्या घरातले. समोरच्यांना 'विष्णु-२' दिले, तर ते जिना चढून आले. म्हणाले, "मास्तर, तुमच्याआधी तीन पिढ्या आम्ही इथे आलो. मी दोन नंबर कसा?" मग त्यांना 'विष्णु-समोरचे' केले. दोन महिन्यांत ते मुलाकडे लखनौला गेले. समोर आता कुलूप आहे.

कुलपाला विष्णु म्हणवेना, म्हणून एका दुपारी मी सगळेच पत्ते पुसून ओळीने आकडे दिले. (तुझी काकू गेल्यापासून दुपार फार लांबते.) शेजारच्या शरदिनीबाईंनी लेकीच्या, अंतराच्या लग्नपत्रिकेवर आपल्या पानाचा जुना पत्ता छापलाय, हे मला काय ठाऊक? मुहूर्त, कार्यालयाचा रस्ता, सगळे त्या पानावर. पाहुणे उघडतात तर 'हे पान सापडत नाही', आणि खाली तू टाकलेला माझा फोन नंबर.

चार दिवस फोन वाजत होता. नागपूर, इंदूर, कुठून कुठून. मी प्रत्येकाला गल्ल्या समजावल्या. एक बाई 'पन्ना नहीं मिल रहा' म्हणून सुरू झाल्या आणि मी मराठी निघाल्यावर मिरचीच्या लोणच्यापर्यंत पोहोचल्या. शरदिनीबाई मात्र दारात येऊन शांतपणे म्हणाल्या, "लग्न होतं तिथेच आहे. पत्ता कशाला हलवलात?" मी तुला फोन लावला.

मग तू तिकडे बसून दहा मिनिटांत जुने पत्ते नव्यांना जोडलेस. वऱ्हाड वेळेवर पोहोचले. पंगतीत शरदिनीबाईंनी मला आग्रहाने दोनदा श्रीखंड वाढले, तेव्हा जिवात जीव आला. आता कुणाचेच पान हरवत नाही. फोनही वाजत नाही. तुझे काम चोख आहे.

तुझा,
ढुंढिराजकाका

ता. क. एका पानाची ती जोडणी काढता येईल का? कुणाची गैरसोय नको, म्हणून माझेच पान घे.

ता. क. २. नको. माझे पान कोण शोधणार? विष्णुपंतांचे घे. लखनौहून ते रोज जुन्याच पत्त्यावर स्वतःचे पान उघडून बघतात, असे ऐकतो.