माझ्याआधी हललेला हात

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला थांबला का? (थांबला असेल तर सिगारेटी परत सुरू झाल्या असतील.) आम्ही मजेत आहोत, निदान तुझी वहिनी तरी. पत्राला कारण आहे, पण ते सांगायला धीर गोळा करावा लागेल.

माझं काम तुला ठाऊक आहे. चौथ्या मजल्यावरच्या गार खोलीत तारांचे हातमोजे घालून बसायचं. मी हात हलवला की दूर समुद्रतळाशी यंत्रमानव पाइपांचे बोल्ट आवळतो. (भावोजींना अजून वाटतं मी पंखे दुरुस्त करतो.) भानगड अशी, की मी मूठ वळल्यावर त्याची वळायला वेळ लागतो आणि ती वळलेली मला दिसायला आणखी वेळ. म्हणून जरासं हलायचं, थांबायचं, बघायचं. हे आता घरीही होतं. कप उचलतो आणि खरंच उचलला गेला का, ते बघत बसतो. ही विचारते, "मीठ बरोबर आहे ना?" मी थांबतो. तेवढ्यात तिचं तोंड फुगलेलं असतं.

कंपनीने यावर उपाय काढला. एक नवा प्रोग्रॅम आपल्या हाताच्या सवयी शिकतो आणि पुढची हालचाल ओळखून आधीच करून टाकतो. मी खूश होतो. मग मागच्या आठवड्यात, भर दुपारी, आमचा पाणबुड्या (आम्ही त्याला दाढी म्हणतो) यंत्राशेजारी काम करत असताना घसरला. पडद्यावर त्याचं मनगट माझ्या यंत्राच्या चिमट्यात होतं आणि चिमटा मिटत होता. ताई, दिसतंय ते केव्हाच होऊन गेलंय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. हात दगड झाले. मी काहीही केलं नाही. एक बोटसुद्धा हललं नाही.

आणि चिमटा उघडला.

दाढी किनाऱ्यावर परतल्यावर थेट आमच्या चौथ्या मजल्यावर आला आणि माझ्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. "तुम्ही होतात म्हणून हात राहिला," म्हणाला. मी आमच्या मुख्य बाईंना गाठून म्हटलं, "बाई, मी उघडला नव्हता हो." त्या हसल्या. "तुम्ही उघडलाच असता. त्याने फक्त थोडं आधी ओळखलं."

पण मी उघडला नसता, ताई. ते मला माहीत आहे. खाली कुणीतरी मला माझ्यापेक्षा बरा माणूस समजतंय.

दुसऱ्या दिवशी मी मोजे घातले आणि हात मांडीवर ठेवून नुसता बसलो. काम चालू राहिलं. मधेच यंत्र थांबलं, त्याने चिमटा वर नेला, आणि त्याला नाक असतं तर जिथे असतं, तिथे खाजवलं. मग मला नाकाला खाज सुटली.

तुझा,
घुम्या

ता.क. मुद्द्याचं राहिलंच. सोमवारपासून रजा टाकली आहे. थोडे दिवस तुझ्याकडे येऊ का? भावोजींचे पंखे खरंच दुरुस्त करीन.

ता.क. २. पाकीट चिकटवणार इतक्यात दाढीचा फोन आला. म्हणाला, "आज मी वर येताना तुम्ही खालून माझ्याकडे बघून हात हलवलात. फार बरं वाटलं." मी जन्मात कुणाला हात हलवून दाखवलेला नाही, तुला माहीत आहे. जरा थांबलो आणि म्हटलं, "अरे, त्यात काय."