बाटलीतला फेस

१३ मे २००८, मंगळवार

ओतून टाकलं!

गंधारच्या बाटलीत फेस दिसला. ती बाटली काल मीच धुतली होती, म्हणजे साबण राहिला! मागच्या महिन्यात असंच झालं तेव्हा लॅबच्या प्रमुख विभावरीताई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "श्याम, भांडी धुणं एवढं एकच काम आहे ना तुला?" भावोजींनी शब्द टाकला म्हणून ही नोकरी. नाहीतर बारावी नापासाला इथे न्यूझीलंडात, पामर्स्टन नॉर्थमध्ये कोण विचारतं?

गंधार जेवायला गेला होता. बाटली अकरा वेळा विसळली. लेबल वाचून क्षारांचं द्रावण नवं केलं, अगदी खुणेपर्यंत भरलं. कुणालाही कळलं नाही.

१४ मे

त्या द्रावणात गंधारचं प्रोटीन नासलं. पांढऱ्या गुठळ्या. दीड महिन्याची मेहनत.

१५ मे

विभावरीताईंना विचारलं — सहज विचारल्यासारखं — गुठळ्या का झाल्या?

त्यांनी चार बोटांची टोकं जुळवली. "हे आपलं प्रोटीन, म्हणजे चॅनल. पेशीच्या पडद्यातलं दार, पोटॅशियम इथून जातं. टोकं जुळली की बंद. बोटांसारखे त्याचे दांडे मधे वाकले की टोकं फाकतात, दार उघडतं. सगळा खेळ आकाराचा."

मग म्हणाल्या, "पडदा तेलकट, म्हणून याचं अंगही तेलकट. पडद्यातून बाहेर काढलं की एक खास साबण घालून सांभाळावं लागतं, नाहीतर प्रोटीनचे रेणू एकमेकांना चिकटतात. बाटलीत फेस दिसतो तो त्याचाच. ऐन वेळी घालायचा असतो, म्हणून लेबलवर नसतो. गंधार विसरला, दुसरं काय!"

तो साबण माझा नव्हताच.

मी म्हणालो, "अच्छा." अच्छा!!

१९ मे, सोमवार

मीटिंग. प्रोटीनचे स्फटिक क्ष-किरणांखाली तपासायला मेलबर्नला जायची गंधारची पाळी दुसऱ्याला दिली. विभावरीताई म्हणाल्या, "पहिल्या वर्षाची पोरंही हे विसरत नाहीत रे." गंधारची मान खाली. मी दाराशी ट्रे धरून उभा.

२० मे

नाही बोललो.

२३ मे

चहाच्या वेळी गंधार शेजारी येऊन बसला. "खरं सांगू श्याम्या? आता मला नीट आठवतंय. साबणाचा डबा मी फ्रीजमधून काढलाच नव्हता. डोळ्यांसमोर दिसतोय."

त्याला आठवतंय! जे घडलंच नाही ते! हे मी केलं त्याचं.

२६ मे, सोमवार

सांगितलं. सायकली लावतो तिथे गाठून, पहिल्यापासून सगळं.

गंधारचे डोळे भरले. "माझ्यासाठी स्वतःवर घेतोस? वेड्या, नोकरी जाईल ना तुझी!" मला घट्ट मिठी मारली. विभावरीताईंना हे असलं काही सांगायचं नाही म्हणून आईची शपथ घातली.

मी शपथ घेतली. बरं वाटलं.