लॉकअपची वायर

२ जून, सोमवार

आजपासून रोजनिशी. फक्त गाडीपुरती. काम किती पद्धतशीर झालं, त्याची नोंद राहावी म्हणून.

गाडी: १९३४ चा फोर्ड रोडस्टर. छप्पर नाही, बॉनेट नाही, इंजिन मूळच्या चौपट ताकदीचं. रंग गडद हिरवा. क्लच दाबायला माझा डावा गुडघा तयार नाही, म्हणून शनिवारी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला. स्वतः. आर्लिसनं टॉर्च धरला होता. चुकीच्या जागी धरला होता, पण बायकोला तसं सांगायचं नसतं.

शिल्लक काम: दोन वायरी, एक केबल. उद्या दुपारपर्यंत संपेल.

चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे माझी गाडी. शेजारच्या सीटवर माझी सासू ओटिली. १९५२ साली ती आमच्या काउंटीच्या सुगीच्या उत्सवात निवडलेली गव्हाची राणी होती. आता एक्याण्णव. गावानं यंदा तिला मिरवणुकीचा मान दिलाय. टोपी आणली आहे. हात हलवायचा सराव स्वयंपाकघरात चालू आहे.

३ जून

वायरी जोडल्या. लॉकअप म्हणजे काय, ते इथं लिहून ठेवतो, बऱ्याच लोकांना माहीत नसतं. हायवेवर गाडी एका वेगात चालली की इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना घट्ट धरतात. पेट्रोल वाचतं. ब्रेक दाबला की सुटतात. म्हणजे ब्रेकशी संबंध आला. म्हणून ब्रेकच्या दिव्याच्या स्विचवरूनच करंट घेतला. वीस मिनिटांचं काम. सोबत आलेलं माहितीपुस्तक उघडलंसुद्धा नाही.

केबल अजून लावायची आहे. तिला टीव्ही केबल म्हणतात. आर्लिस म्हणाली, "टीव्ही तर हॉलमध्ये आहे." तिला शांतपणे समजावलं की या केबलीनं अॅक्सिलरेटर किती दाबलाय ते गिअरबॉक्सला कळतं. ती म्हणाली, "मग नीट कळू दे त्याला."

५ जून

केबल लावली. थोडी सैल ठेवली. गिअर लोण्यासारखे पडतात. वीस मैलांचा वेग होईपर्यंत चारही गिअर पडून मोकळे. फॅक्टरीवाल्यांना हे जमलं नव्हतं.

एक किरकोळ गोष्ट. स्टॉपच्या पाटीपाशी ब्रेक दाबला आणि इंजिन बंद पडलं. पेट्रोल जुनं असणार.

६ जून

पेट्रोल बदललं. पाच पाट्या, पाच वेळा बंद. गावात पाट्या फारच झाल्यात. नगरपालिकेला पत्र लिहायचं.

९ जून, सोमवार

ओटिलीला फेरफटका मारून आणलं. धान्याच्या कोठारापाशी बंद, चर्चपाशी बंद, पोस्टापाशी बंद. दर वेळी तिनं लोकांना हात केला. पोस्टमनला वाटलं आम्ही मुद्दाम थांबतोय. परत आल्यावर म्हणाली, "व्हर्लिन, आमच्या वेळी ट्रॅक्टरवर बसवलं होतं मला. तो नाही बंद पडला." मी म्हटलं, चार जुलैला बघा. ती म्हणाली, "बघेन की. पुढच्या वर्षीचं मात्र मी कुणाला वचन देत नाही."

हसत म्हणाली, पण नंतर बराच वेळ टोपीची फीत सरळ करत बसली.

निश्चय: पंधरा तारखेच्या आत गाडी शंभर टक्के.

११ जून

डेन्झिल कुंपणावरून बघत होता.

डेन्झिल क्रोकर माझा शेजारी. चौतीस वर्षं ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्तीचं दुकान चालवलं, आता टोमॅटो लावतो. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या जेवणात मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो की ऑटोमॅटिक दुरुस्त करायला डोकं लागत नाही, झाकण उघडायचं, मान हलवायची, झाकण लावायचं. लोक हसले होते. डेन्झिल समोरच बसला होता. बटाट्याच्या सॅलडकडे बघत राहिला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

माणसानं इतकं मनाला लावून घेऊ नये.

आज त्यानं हात वर केला. खिजवत होता. मी इंजिनात डोकं घातलं.

१४ जून, शनिवार

पंधरा तारीख उद्या आहे. मुदत अवास्तव होती. नवी मुदत: बावीस.

आज डॅशबोर्डवर तीन स्विच बसवले. एक लॉकअप चालू करायला, एक बंद करायला, एक राखीव. आता ब्रेक दाबला की इंजिन बंद पडतं आणि हॉर्न वाजतो. प्रगती आहे. आधी काहीच कळत नव्हतं, आता निदान आवाज तरी येतो.

१५ जून

कोणता स्विच कशाचा, ते लिहून ठेवायला हवं होतं.

१८ जून

आर्लिसनं माहितीपुस्तक वाचलं. न विचारता. नाश्त्याच्या टेबलावर म्हणाली, "अरे, यात लिहिलंय की ब्रेक दाबल्यावर लॉकअपचा करंट तुटला पाहिजे. तुझा दिव्याचा स्विच तर ब्रेक दाबल्यावर करंट जोडतो. म्हणजे गाडी थांबायची वेळ आली की तू नेमकं तेव्हा इंजिनाला बांधून टाकतोस."

मी म्हटलं, वायरिंग म्हणजे गोधडी शिवणं नव्हे.

ती म्हणाली, "गोधडीत उलटं शिवलं तर उसवता येतं."

दुपारभर यावर विचार केला. तिच्या बोलण्यात वरवर तथ्य वाटतं. पण इतकं साधं असतं तर मला सुचलं असतं.

२० जून

नवं दुखणं. पॅडल दाबलं की इंजिन ओरडतं आणि गाडी मागाहून, विचार करून निघते. ऑइल तपासलं. लाल होतं ते कॉफीच्या रंगाचं झालंय, वास करपलेल्या टोस्टसारखा. नवा गिअरबॉक्स. मुरतोय.

२२ जून, रविवार

मुदत संपली. चर्चमधून आल्यावर आर्लिस म्हणाली, "मिरवणुकीपुरती ती एक वायर काढून ठेव. लॉकअपशिवाय गाडी चालते. आईचं एवढं होऊ दे."

मी नाही म्हटलं. गावासमोर अर्धवट गाडी न्यायची? तत्त्वाचा प्रश्न आहे.

ती म्हणाली, "मग डेन्झिलला विचार."

मी म्हटलं, बिचारा म्हातारा, आरामात आहे, कशाला त्रास. (तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे.)

२५ जून

निश्चय: आज डेन्झिलला विचारणार. गुडघा दुखत असूनही कुंपणापर्यंत गेलो. त्याची माझ्याकडे पाठ होती, टोमॅटो बांधत होता. "डेन्झिल," म्हटलं. वळलासुद्धा नाही. इतका राग! परत आलो.

२७ जून

पुन्हा गेलो. पुन्हा पाठ. या वेळी जरा मोठ्यानं खाकरलो. काही नाही. माझ्या बाजूनं प्रयत्न झाला, याची नोंद असावी.

३० जून

ओटिली गॅरेजमध्ये येऊन बसली. काठी, टोपी, सगळं. मी गाडीखाली होतो. मग म्हणाली, "नाही झाली तरी चालेल रे. मी खुर्ची घेऊन कडेला बसेन."

मी म्हटलं, होणार. खालून तिचे फक्त बूट दिसत होते. नवे होते. पांढरे.

तिच्यासाठी एक वायर काढायला हरकत नव्हती. पण आता तिथं अकरा वायरी आहेत आणि सगळ्या काळ्या. काळी टेप स्वस्त पडते म्हणून नव्हे, दिसायला एकसारखी राहते म्हणून वापरली होती.

३ जुलै

गाडी पुसली. आरशासारखी चमकते. उद्या ब्रेक दाबायचाच नाही, असं ठरवलंय. मिरवणूक चालण्याच्या वेगानं जाते. अॅक्सिलरेटर सोडून देईन. नीट विचार केला तर ब्रेक ही सवय आहे, गरज नाही.

४ जुलै, शुक्रवार, दुपारी दोन

पुढे शाळेचा बँड होता. बँड थांबला. मला थांबावं लागलं.

बंद, हॉर्न. सुरू केली. दहा पावलं. पुन्हा बँड थांबला. बंद, हॉर्न. ट्रंपेटवाल्यांनी दर वेळी मागे वळून पाहिलं. बँकेच्या कोपऱ्यावर सुरू झाली तेव्हा पॅडल पूर्ण दाबलं. इंजिन गरजलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, गाडी हलली नाही. खालून धूर आला. रिव्हर्स आहे का बघितलं. नव्हता. पुढचाही नव्हता.

मागे अख्खी मिरवणूक खोळंबली. फायर ब्रिगेडचा ट्रक, घोडे, सगळे. ओटिली समोर बघत हात हलवत होती, पण हात करायला पुढे कुणी नवं येतच नव्हतं. त्याच वीस माणसांना तिनं चार-चार वेळा हात केला. मग हात मांडीवर ठेवला. आयुष्यात मला असं कधीच वाटलं नव्हतं. काय वाटलं, ते लिहीत नाही.

आणि मग मागून फटफट करत डेन्झिल आला. गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरवर. तो दरवर्षी झेंडा लावून मिरवणुकीत असतो. माझ्याशी एक शब्द नाही. उतरला, दोर बांधला, ओटिलीसमोर टोपी काढली आणि म्हणाला, "बाईसाहेब, घट्ट धरा. ताशी चार मैल जाणार आहोत."

गवत कापायच्या यंत्रानं माझा रोडस्टर गावाच्या टोकापर्यंत ओढला. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. लोकांना वाटलं गंमत म्हणून ठरवून केलंय. एवढ्या टाळ्या कुणालाच पडल्या नाहीत. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

ओटिली रस्ताभर हात हलवत होती. उतरताना डेन्झिलच्या गालाची पापी घेतली. माझ्या खांद्यावर थोपटलं.

५ जुलै

डेन्झिल सकाळीच आला. आर्लिसनं बोलावलं असणार. गाडीखाली गेला, दहा मिनिटांनी बाहेर.

म्हणाला, ब्रेकची वायर उलट्या स्विचवर आहे. आर्लिस कॉफी ओतत राहिली. केबल सैल होती, त्यामुळे आत तेलाचा दाब कमी पडत गेला आणि सगळ्या क्लच प्लेटा जळाल्या. "पहिल्याच दिवशी हाक मारली असतीस तर दोन्ही कामं बसल्या बसल्या झाली असती. आता बॉक्स उतरवावा लागेल. घाबरू नकोस, मी आहे. मलाही घरात बसून कंटाळा आलाय."

मोठं मन आहे. दोन वर्षांचा राग त्यानं गिळला. मीही माफ केलं त्याला.

८ जुलै

गॅरेजमध्ये दोघं. बॉक्स उघडला. मी तुकडे धुतो, तो ट्रेमध्ये मांडतो. नऊ ट्रे झाले. दोन वर्षांत इतका हसलो नव्हतो. पुढच्या शनिवारी गाडी चालू, म्हणतो.

९ जुलै, बुधवार, संध्याकाळ

आज सकाळी मीच विषय काढला. मन साफ असावं माणसाचं. म्हटलं, डेन्झिल, चर्चच्या जेवणात मी बोललो, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

तो म्हणाला, "कुठलं जेवण?"

दोन वर्षांपूर्वीचं.

"अरे, तेव्हा माझं कानाचं मशीन बिघडलेलं होतं. महिनाभर काही ऐकू आलं नाही मला. आजही बागेत काम करताना काढून ठेवतो, घामानं खराब होतं. मला वाटायचं तूच फुगून बसलायस. त्या दिवशी हात केला तर इंजिनात तोंड लपवलंस. काय बोलला होतास?"

इथं मी थांबायला हवं होतं. पण तो इतका मोकळेपणानं हसत होता. शब्द जसेच्या तसे सांगितले. झाकण, मान, झाकण. लोक हसल्याचंही सांगितलं.

डेन्झिल हातातल्या पान्याकडे बघत राहिला. "चौतीस वर्षं," एवढंच म्हणाला. पाना खाली ठेवला, बोटं एकेक करून फडक्याला पुसली आणि निघून गेला.

आर्लिस दारात होती. म्हणाली, "कशाला सांगितलंस?" मी म्हटलं, खरं बोललो. ती म्हणाली, "ते दिसलंच," आणि आत गेली.

अकरा ट्रे आहेत. माहितीपुस्तक पहिल्यांदाच उघडलं. ते फक्त वायरींचं आहे. दुपारपासून हातात एक चकती घेऊन बसलोय. दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते.